फ्रान्स क्लस्टरमधलं चीज

"लिंबू पिळून फाडलेलं दूध मला दाखवू नकोस," हिबा मॅडमनी बजावलं. "ते पनीर. पनीर मला माहीत आहे. मला चीज हवंय. पांढरं, ताजं, मऊ, रेनेटने लावलेलं. घरी कर, स्वतःच्या हाताने कर आणि पुढच्या सोमवारी नऊ वाजता घेऊन ये. यल्ला."

हे सगळं त्या इंग्रजीत म्हणाल्या. शेवटचा शब्द तेवढा अरबी होता, आणि इथे त्याचा अर्थ मुलाखत संपली असा आहे, हे धनंजयला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. एकावन्न दिवसांत तो शब्द त्याने बऱ्याच दारांशी ऐकला होता.

साठ दिवसांच्या व्हिजिट व्हिसातले नऊ दिवस उरले होते. अर्ज त्रेसष्ट झाले होते. मुलाखती चार. त्यातली ही शेवटची, अल क्वोजमध्ये, टायरचं दुकान आणि संगमरवर कापणारा कारखाना यांच्या मधल्या एका गाळ्यात. हिबा मॅडम मूळच्या सीरियाच्या. त्यांच्या गाळ्यात रोज पाचशे लिटर दुधाचं चीज होत असे आणि दुबईतल्या बऱ्याच हॉटेलांची न्याहारी त्यावर चालत असे. त्यांना एक तरुण माणूस हवा होता, ज्याला जंतूही कळतात आणि बादलीही उचलता येते.

जंतूंबद्दल प्रश्न नव्हता. धनंजय एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी, प्रथम वर्ग. मात्र त्याचा दोन वर्षांचा अनुभव बाटलीबंद पाण्याच्या कारखान्यातला होता. पाण्यात काहीही वाढलेलं नाही, हे रोज नव्याने सिद्ध करणं, एवढंच तिथलं काम. काहीही न घडण्याचा इतका सखोल अनुभव असलेला माणूस चीजच्या धंद्यात किती चालेल, ही शंका हिबा मॅडमना आली असणार. म्हणून हा गृहपाठ. निघताना त्यांनी कागदाच्या पुडीत रेनेटच्या सहा गोळ्या बांधून दिल्या. रेनेट म्हणजे दूध न नासवता, न आंबवता घट्ट लावणारं एन्झाइम. "बुरशीपासून बनवलेलं आहे, वासराच्या पोटातलं नाही, तुला चालेल," असंही त्या म्हणाल्या. सहाच का, ते म्हणाल्या नाहीत.

नोकरी मिळाली नाही तर काय, हा प्रश्न धनंजयने स्वतःला फारसा विचारला नव्हता, कारण उत्तर त्याला पाठ होतं. इस्लामपुरात निघायच्या आदल्या दिवशी कॉलनीतल्या गणेश मंडळाने त्याचा सत्कार केला होता. शाल, श्रीफळ, 'कॉलनीचा सुपुत्र दुबईला' अशा मथळ्याखाली स्थानिक दैनिकात फोटो. वडिलांनी ते कात्रण लॅमिनेट करून घेतलं होतं. सत्कार करण्याचा विधी आपल्याकडे फार विकसित झालेला आहे. तो परत घेण्याचा विधी नाही. साठाव्या दिवशी परतलेल्या सुपुत्राने त्या शालीचं काय करायचं, याबद्दल कुठेही मार्गदर्शन उपलब्ध नव्हतं.

तो उतरला होता मावसबहिणीकडे, उर्मिलाताईकडे. इंटरनॅशनल सिटीत इमारतींच्या समूहांना देशांची नावं आहेत: पर्शिया, इंग्लंड, मोरोक्को, चीन. ताईचा चौथ्या मजल्यावरचा एका बेडरूमचा फ्लॅट फ्रान्समध्ये होता. धनंजय रात्री फ्रान्समधल्या सोफ्यावर झोपे, सकाळी उठून इंग्लंडच्या कोपऱ्यावर बस पकडे. आता फ्रान्समध्ये राहून चीज जमलं नाही, असं झालं असतं तर ते कुणाला सांगण्यासारखंही नव्हतं.

"चीजच ना?" ताईचे यजमान संजयभावोजी म्हणाले. ते एका लॉजिस्टिक्स कंपनीत होते आणि जगातल्या बहुतेक अडचणी मुळात डिलिव्हरीच्या असतात असं त्यांचं मत होतं. "धनंजयराव, चीज ऑर्डर करा. ट्वेंटी मिनिट्समध्ये येतं."

"स्वतः करायचंय, भावोजी."

"मग दूध ऑर्डर करा."

दूध धनंजयने स्वतः जाऊन आणलं, कारण साधं दूध चालणार नव्हतं. हिबा मॅडमनी सांगितल्याप्रमाणे ते होमोजनाइझ न केलेलं, साय आपोआप वर येणारं हवं होतं. असं दूध मिर्दिफच्या एका सेंद्रिय दुकानात काचेच्या बाटलीत मिळत होतं. 'पाश्चराइज्ड, फ्रेश' असं तीवर छापलेलं होतं आणि गाईचं चित्र होतं. गाय समाधानी दिसत होती.

"सव्वीस दिरहम लिटर?" भावोजींनी चष्मा वर केला. "म्हणजे सहाशे रुपये. एवढ्यात गावाकडे म्हशीशी थेट बोलणी करता आली असती."

ताईने बाटली उजेडात धरून पाहिली, "दूध दाट दिसतंय हं," असं म्हणून फ्रिजमध्ये ठेवली.

थर्मामीटर ड्रॅगन मार्टमधून आणला. तिथे जगातली प्रत्येक वस्तू मिळते, फक्त आपल्याला हवी असलेली तिच्या शेजारच्या वस्तूच्या रूपात मिळते. हा थर्मामीटर माशांच्या टाकीचा होता. तो चौतीस अंशांवर संपत होता, कारण त्यापुढे माशांना त्याचा उपयोग नसतो. धनंजयला बत्तीस अंश हवे होते, म्हणजे मासे थोडक्यात वाचत होते. वहीच्या पहिल्या पानावर त्याने लिहिलं: 'प्रयोग १. मंगळवार, सकाळी १०.१०. दूध १ लिटर. तापमान ३२. रेनेट १ गोळी, उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवून. निरीक्षण: बाटलीत वर साय अपेक्षित, दिसत नाही. कारण: बसमध्ये दूध हिंदकळले.'

पाऊण तासाने दूध दह्यासारखं एकसंध लागलेलं असायला हवं होतं. सुरी घातली की स्वच्छ भेग पडायला हवी. धनंजयने सुरी घातली. सुरी ओली झाली.

तो आणखी पाऊण तास थांबला. पाण्याच्या कारखान्यात काहीही न घडण्याची वाट पाहायची त्याला सवय होती, पण तिथे त्याबद्दल पगार मिळत असे.

बुधवारी त्याने दोन गोळ्या टाकल्या. या वेळी काहीतरी घडलं. दुधात बारीक कण दिसू लागले, पापुद्रे तरंगले आणि एकूण दृश्य आजाऱ्याच्या वाटीतल्या पेजेसारखं झालं. ते कापडात ओतल्यावर कापडातून आरपार गेलं आणि सिंकमधून दिसेनासं झालं. तीन गोळ्या उरल्या.

समोरच्या फ्लॅटमधल्या शहनाझआपांपर्यंत ही बातमी दुपारी पोहोचली. आपा लाहोरच्या, साठीच्या, आणि दुसऱ्याचं स्वयंपाकघर हे त्यांना दुसऱ्याचं कधी वाटलंच नव्हतं. त्यांनी पातेल्यात डोकावून पाहिलं.

"बेटा, नींबू निचोड."

"आपा, नींबू मना है."

"किसने मना किया? डॉक्टर ने?"

धनंजयने त्यांना केसीन या प्रथिनाची रचना समजावून सांगितली. आम्लाने दूध फाटतं तेव्हा काय होतं, एन्झाइमने लागतं तेव्हा काय होतं, दोन्हींत मूलभूत फरक कोणता, हे त्याने कागदावर काढून दाखवलं. आपांनी सगळं लक्षपूर्वक ऐकलं.

"तो सिरका डाल," त्या म्हणाल्या.

रात्री भावोजींच्या अध्यक्षतेखाली कारणमीमांसा झाली. भावोजींचा संशय इथल्या हवेवर होता. ताईचा संशय दृष्टीवर होता. कुणाची ते तिने सांगितलं नाही, पण बोलताना ती समोरच्या दाराकडे बघत होती. धनंजयने कॅल्शियमचा निष्कर्ष काढला. थंड ठेवून लांबून आणलेल्या दुधातलं कॅल्शियम नीट कामाला येत नाही, त्यात थोडं कॅल्शियम क्लोराइड घालावं लागतं, असं त्याने वाचलं होतं. निष्कर्ष शास्त्रशुद्ध होता. त्याला तीन संदर्भ होते.

कोपऱ्यावरच्या फार्मसीत त्याने कॅल्शियम क्लोराइड मागितलं. फार्मासिस्टने किती दिवसांपासून त्रास होतोय, असं विचारलं. "मला नाही, दुधाला," असं धनंजय म्हणाला. फार्मासिस्टने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मागच्या ग्राहकाला पुढे बोलावलं.

मग ऑनलाइन मागवलं. अबू धाबीत, अल रीम आयलंडवरच्या कुणी एक बेकर बाई खाद्य दर्जाचं कॅल्शियम क्लोराइड घरून विकत होत्या. गुरुवारी सकाळी अकराला कुरिअरवाला आला. त्याला ओटीपी हवा होता. ओटीपी भावोजींच्या फोनवर गेला होता, कारण पैसे त्यांच्या कार्डावरून भरले होते; स्वतःचं कार्ड काढायला धनंजयकडे एमिरेट्स आयडी, म्हणजे इथल्या रहिवाशाचं ओळखपत्र नव्हतं, आणि आयडी नव्हता कारण नोकरी नव्हती. भावोजी मीटिंगमध्ये होते. धनंजयने त्यांना सात वेळा फोन लावला. आठव्यांदा त्यांनी उचलून हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं?"

"कुणी नाही, भावोजी. ओटीपी."

"मी रिजनल हेडसमोर बसलोय, धनंजयराव!"

"चार आकडेच आहेत."

तेवढ्यात कुरिअरवाला "सॉरी ब्रदर, कस्टमर नॉट अव्हेलेबल" असं फोनमध्ये टिपून लिफ्टमध्ये शिरला. त्या क्षणी धनंजय त्याच्यापासून दोन फुटांवर उभा होता. आपण इथे उपलब्ध नाही, हे वाक्य त्याला दिवसभर पुरलं. संध्याकाळी भावोजी स्वतः वेअरहाऊसला जाऊन पुडी घेऊन आले, आणि डिलिव्हरी हीच जगाची मूळ समस्या आहे हे त्यांनी जेवताना पुन्हा मांडलं. या वेळी कुणी विरोध केला नाही.

शुक्रवारी सकाळी प्रयोग ३. कॅल्शियम क्लोराइड पाव चमचा, रेनेट दोन गोळ्या. दूध किंचित लागलं. पातळ खिरीइतकं. सुरीने पडलेली भेग धनंजय वाकून पाहीपर्यंत मिटली. तरीही त्याने वहीत 'लक्षणीय सुधारणा' असं लिहिलं. तसं लिहिताना त्याला स्वतःचीच दया आली, म्हणून 'लक्षणीय' खोडलं. एक गोळी उरली होती, आणि आता कॅल्शियम की तापमान की वेळ, यांपैकी कशावर ती खर्च करावी हे त्याला ठरवता येत नव्हतं.

शुक्रवारी भावोजींना अर्धा दिवस सुट्टी. ताईने वरण-भात, बटाट्याची भाजी केली होती. धनंजय मान खाली घालून बसला होता. ताईने त्याच्या भातावर वाटीतून तूप सोडलं. घरभर वास पसरला.

"धनू, खा रे. तोंड काय पाडून बसलायस? इस्लामपूरला तरी असं तूप मिळेल का?"

"मस्त आहे, ताई. कुठलं?"

"कुठलं काय, तुझ्याच दुधाचं. चार दिवसांची साय साठवली होती. काय साय धरते रे तुझ्या दुधाला! या देशात पहिल्यांदा मी घरचं तूप कढवलं."

धनंजयचा घास हातात राहिला.

"ताई," त्याने फार शांतपणे विचारलं, "साय कधी धरली?"

"कधी म्हणजे? तापवल्यावर."

"तापवलंस?"

"अरे, म्हणजे काय! घरात आलेलं दूध तापवायचं नाही? रोज संध्याकाळी तू फिरायला गेलास की तापवते, गार झालं की साय काढते, बाटली स्वच्छ धुते आणि पुन्हा भरून ठेवते. तुझं तुला सकाळी वेळेवर मिळायला नको?" आणि मग थोड्या अभिमानाने, "एक थेंब इकडचा तिकडे होऊ दिला नाही हो."

उकळलेलं दूध रेनेटने लागत नाही. एवढ्या उष्णतेने दुधातली दुसरी प्रथिनं केसीनला जाऊन चिकटतात आणि एन्झाइमला आपलं काम करायला जागाच उरत नाही. हे धनंजयला ठाऊक होतं. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी यावर पाच मार्कांचा प्रश्न होता आणि त्याला पाचपैकी साडेचार मिळाले होते. त्याच्या वहीत पाण्याचं तापमान होतं, हवेतली आर्द्रता होती, बसचा नंबरसुद्धा होता. दूध मुळात तापवलेलं आहे का, हा रकाना नव्हता. तो आखायचं त्याला सुचलं नाही, कारण तो ज्या घरात वाढला तिथे असा प्रश्नच संभवत नव्हता. आणि चव घेऊन कळावं म्हणावं, तर सव्वीस वर्षांत न तापवलेलं दूध त्याने एकदाही तोंडात घेतलेलं नव्हतं. तुलना करायला नमुनाच नव्हता.

त्याने सगळं समजावलं. ताईचा चेहरा उतरला.

"मला वाटलं, तुला मदत."

"अगं, पाश्चराइज्ड असतं ते. कंपनीने तापवलेलंच असतं."

"त्यांनी त्यांच्याकडे तापवलं असेल," ताई म्हणाली. "आपल्या घरात कुठे तापलंय?"

भावोजींनी दोघांकडे आळीपाळीने बघत आपल्या भातावर आणखी थोडं तूप घेतलं.

शुक्रवारी संध्याकाळी नवी बाटली आली. तिच्यावर धनंजयने कागद चिकटवला: 'तापवू नये.' ताईने ते मान्य केलं, पण ते तिला सोपं गेलं नाही. कच्चं दूध आपल्या फ्रिजमध्ये आहे ही जाणीव घेऊन ती त्या संध्याकाळी तीनदा स्वयंपाकघरात गेली आणि तीनदा नुसतं पाणी पिऊन बाहेर आली.

शनिवारी सकाळी बत्तीस अंशांवर धनंजयने शेवटची गोळी घातली. पातेल्यावर झाकण ठेवलं आणि कुणी मोठ्याने चालायचं नाही असं सांगितलं. भावोजी चवड्यांवर बाथरूमला गेले. पाऊण तासाने त्याने सुरी घातली.

भेग पडली. सरळ, चकचकीत, दोन्ही कडा उभ्या, आणि तिच्या तळाशी पिवळसर निवळी साचायला लागली. धनंजयने ताईला नुसतं बोट करून दाखवलं. ताईने पदर डोळ्यांना लावला, इतकं सुंदर ते दिसत होतं. त्या दिवशी त्या एका लिटर दुधात जे घडलं ते माणूस हजारो वर्षं घडवत आला आहे, हे धनंजयला माहीत होतं. तरी आपल्या बाबतीत ते पहिल्यांदाच घडतंय, असं त्याला वाटलं.

त्याने दह्याचे चौकोन कापले, हलक्या हाताने ढवळले आणि ताईने चक्क्यासाठी गावाहून आणलेल्या जुन्या मलमलच्या धोतराच्या तुकड्यात बांधले. आता हे चार तास टांगायचं होतं. फ्रिजमध्ये उंची नव्हती. नळाखाली ताईची भांडी होती. जानेवारीची हवा बाहेर छान गार होती. बाल्कनीच्या छताला पाळण्यासाठी लावलेला, पाळण्याविना राहिलेला एक हूक होता.

चाळीस मिनिटांनी बेल वाजली. दारात अर्सलान, इमारतीचा सुपरवायझर. हातात फोन, फोनवर फोटो, फोटोत बाल्कनी, बाल्कनीत पांढरं गाठोडं.

"सर, बाल्कनी में कपड़े सुखाना मना है. थर्ड फ्लोअर की मॅडम की एक्सरसाइज सायकल पर पानी टपक रहा है. बदबू भी है, बोल रही हैं."

"ये कपड़ा नहीं है," धनंजय म्हणाला. "चीज है."

अर्सलानने फोटो मोठा करून पाहिला. "कपड़ा तो है ना?"

"कपड़े के अंदर चीज है."

"गीला है. लटका है. टपक रहा है." अर्सलानने तीन बोटं मोजली. त्याची व्याख्या तर्काच्या दृष्टीने बिनचूक होती, आणि याचाच धनंजयला जास्त त्रास झाला.

नियमभंगाच्या फॉर्मवर पाच चौकटी होत्या: कपडे, डिश अँटेना, शेगडी, पक्षी, इतर. धनंजयने 'इतर'चा आग्रह धरला. अर्सलान समजूतदार होता. 'इतर' केलं तर वर्णन लिहावं लागेल, तो म्हणाला, आणि फ्लॅटमध्ये खाद्यपदार्थ बनवून बाहेर टांगतात असं लिहिलं तर मॅनेजर फहद सर येतील. ते लायसन्स विचारतील, कुणाला विकता ते विचारतील, आणि आपण इथे कुठल्या व्हिसावर आहात हेही विचारतील. "कपड़े में सिर्फ वॉर्निंग है, सर. खलास."

आत ताई उभी होती. भाडेकरार भावोजींच्या नावावर होता. धनंजयने पेन घेतलं. एम.एस्सी., प्रथम वर्ग, त्याने 'कपडे' या चौकटीत खूण केली, आणि खाली अर्सलानच्या सांगण्यावरून लिहिलं: 'एक नग, पांढरा, ओला.' सही केली. तारीख घातली. गाठोडं ताबडतोब उतरवावं लागलं.

ते घाईत बादलीत ठेवलं गेलं, बादलीत एका बाजूने दबलं, आणि संध्याकाळी उलगडलं तेव्हा आत जे होतं ते पांढरं होतं, ताजं होतं आणि मऊ तर फारच होतं. डब्यात घातल्यावर ते डब्याच्या आकाराचं झालं. डबा कलता केला की कलत्या आकाराचं. मीठ घालायचं त्या धावपळीत राहून गेलं होतं. गोळ्या संपल्या होत्या.

रविवारी शहनाझआपा आल्या त्या हातात सुपरमार्केटचं पाकीट घेऊन. त्यातलं चीज खणखणीत, रेखीव, विटेसारखं होतं.

"डिब्बा बदल दे, बेटा. किसी को क्या पता चलेगा?"

"आपा बरोबर बोलतायत," भावोजी म्हणाले. "धनंजयराव, बी प्रॅक्टिकल. चीज तुम्हाला येतं, हे सिद्ध झालंय. मी साक्षीदार आहे. त्या अर्सलानमुळे तुमची नोकरी जाणार का?"

धनंजयने ताईकडे पाहिलं. शुक्रवारपासून ती त्याच्याशी जरा जपूनच बोलत होती.

"बुधवारी तुला एअरपोर्टवर सोडायला जायचं माझ्या मनात नाही," ती म्हणाली. "एवढंच सांगते."

तिने विकतचं चीज तशाच दुसऱ्या डब्यात, हाताने थोडं ओबडधोबड करून भरलं. सोमवारी सकाळी दोन्ही डबे पिशवीत घेऊन धनंजय भावोजी रोज ऑफिसला जात त्या भाड्याच्या सामायिक गाडीत, म्हणजे कार-लिफ्टमध्ये बसला. गाडीत आणखी तिघे होते. वळणावर मांडीवरच्या पिशवीतला एक डबा आतून हलत होता आणि दुसरा हलत नव्हता, त्यामुळे न बघताही कुठला कोणता ते त्याला कळत होतं.

गाळ्यात वाफ होती, आणि दुधाचा वास. हिबा मॅडम स्टीलच्या टेबलापाशी उभ्या होत्या. त्यांच्या शेजारी रबरी बूट आणि पांढरी टोपी घातलेला पन्नाशीचा एक काटक माणूस.

"हा महादू," त्या म्हणाल्या. "सोळा वर्षं माझ्याकडे आहे. नव्या माणसाचं चीज आधी तो खातो. काम त्याच्याबरोबरच करायचं आहे. ठेव इथे."

धनंजयने पिशवीत हात घातला. न हलणारा डबा वरच होता. बोटं त्यावर टेकली. मग त्याने हात आणखी खाली नेला आणि दुसरा डबा काढला. असं का केलं, हे त्याला नंतर ताईला नीट सांगता आलं नाही. यातलं चीज त्याने केलं होतं आणि त्यातलं नव्हतं, एवढंच कारण होतं.

झाकण उघडल्यावर चीज हळूच एका कडेला सरकलं. महादूने चमचा घातला, जिभेवर ठेवलं, डोळे मिटले. बाहेर संगमरवर कापण्याचा आवाज येत होता.

"कुठलं म्हनायचं गाव?" त्याने डोळे मिटलेलेच ठेवून विचारलं.

धनंजय दचकला. "इस्लामपूर."

"आमी आटपाडीचं." त्याने डोळे उघडले आणि हिबा मॅडमकडे वळून अत्यंत गंभीरपणे हिंदीत निकाल दिला. "मॅडम, ये इसने खुद बनाया है. दुकान का इतना खराब नहीं होता."

हिबा मॅडमनी स्वतः एक चमचा घेतला. मान हलवली. महादूचं पटलेलं दिसलं.

"तुझ्याआधी चार जण आले," त्या म्हणाल्या. "चौघांचं चीज छान होतं. दोघांचं तर एकाच कंपनीचं होतं. तुझ्यात पाणी किती राहिलंय! का?"

धनंजयने सांगितलं. ताईची साय, कॅल्शियम, अर्सलान, एक नग पांढरा ओला, सगळं, घडलं त्या क्रमाने. हिबा मॅडम हसल्या नाहीत. फक्त सायकलवाल्या बाईंपाशी आल्यावर त्यांनी तोंडावर हात धरला.

"पासपोर्ट आणलायस? व्हिसाचं मी बघते, इन्शाल्ला."

इथे आल्यापासून धनंजयने तो शब्द ज्या ज्या प्रसंगी ऐकला होता आणि पुढे काहीच झालं नव्हतं, ते प्रसंग त्याच्या चेहऱ्यावर उमटले असावेत.

"आजच," मॅडम म्हणाल्या. "दुपारच्या आत. तीन महिने महादूच्या हाताखाली. तो सांगेल ते करायचं." आणि त्या फोन लावत आत गेल्या.

धनंजय जागच्या जागी उभा राहिला. ताईला फोन करायला हवा, हे त्याला कळत होतं, पण हात खिशाकडे जाईना. अखेर त्याने मनात होतं तेच विचारलं.

"काका, यात नेमकं काय काय चुकलंय?"

"सांगतो की. दम काढा. लई चुकलंय, दिस जाईल." महादूने कोपऱ्यातल्या डब्यातून गुंडाळलेली खुबूस, म्हणजे इथली रोटी, काढली, चिमूटभर मीठ घेतलं, धनंजयच्या चीजवर भुरभुरलं आणि उभ्या उभ्याच खायला लागला. एक घास, दुसरा, तिसरा. मग खुबूसच्या तुकड्याने त्याने डब्याच्या कडासुद्धा पुसून घेतल्या.

"वाईट झालंय म्हणालात ना?" धनंजयने विचारलं.

"वाईट झालंय म्हनलो," महादू म्हणाला. "टाकून द्या कुठं म्हनलो?"